भातखाचरात अझोला: कधी सोडायचा, कधी गाडायचा आणि काम बिघडतं कुठे

लावणीनंतर खाचरात अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) सोडला, पाणी हिरवंगार झालं, पण भात पिवळाच राहिला. पहिल्या जोरदार पावसात सगळा अझोला वाहून खालच्या खाचरात गेला. अझोला होता तरी बेणणी, म्हणजे तण काढणं, करावीच लागली. अझोला वापरून पाहिलेल्या शेतकऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या तिनांतल्याच असतात. तिन्हींमागे कारण सहसा एकच असतं, ते म्हणजे कामांचा क्रम चुकणं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तरंगणारा अझोला हे खत नाही. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र बांधतं. अझोला जिवंत असेपर्यंत तो नत्र जवळपास सगळा त्याच्याच अंगात राहतो, भाताला तो अझोला चिखलात गाडून कुजल्यावर मिळतो. म्हणजे तरंगत असताना त्याचं काम तणाचा उजेड अडवण्याचं, आणि गाडल्यावर नत्र देण्याचं. पहिलं काम झालं की दुसरं वेळेवर करायला हवं. ज्यांनी गाडलाच नाही, त्यांच्या भाताला त्या हंगामात नत्राचा फायदा फारसा मिळत नाही.

पुढची मापं गुंठ्याच्या हिशेबाने दिली आहेत. कोकण आणि मावळातली खाचरं, भंडारा-गोंदियाच्या बांध्या, सिंधुदुर्ग-गोव्यातलं वायंगण (पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेला भात), सगळीकडे कामाचा क्रम हाच राहील. तारखा आणि पाण्याचं व्यवस्थापन मात्र बदलेल, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

टप्पा ०: तुमच्या खाचरात हे जमेल का?

बेणं आणण्याआधी चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं द्या.

लावणीनंतर निदान तीन आठवडे ५ ते १० सेंटिमीटर पाणी उभं राहतं का? वरकस जमिनीवरचा पेरभात, किंवा पाणी आलटून-पालटून सुकवण्याची श्री पद्धत, यांत अझोला बसत नाही. जमीन कोरडी पडली की तो मरतो.

जमीन खारवट आहे का? खाडीलगतच्या खार जमिनीत आणि खाजनात अझोला तग धरत नाही. पावसाने क्षार धुऊन गेले आहेत असं वाटलं तरी खाली दिलेली बादलीची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लावणी ओळीत होणार आहे का? विस्कळीत लावणीत गाडणी पायानेच करावी लागते. दोन-तीन गुंठ्यांपुरतं ते चालतं, त्यापुढे माणसं थकतात आणि गाडणी अर्धवट राहते.

आणि शेवटचा प्रश्न, ज्याचा विसर सर्वांत जास्त पडतो: तणनाशक मारणार आहात का? लावणीनंतर लगेच टाकायची बहुतेक भाताची तणनाशकं अझोलालाही मारतात किंवा त्याची वाढ खुंटवतात. एका खाचरात दोन्हींपैकी एकच.

*बादलीची चाचणी.* दोन बादल्या घ्या. दोन्हींच्या तळाशी त्याच खाचरातला चार बोटं चिखल आणि वर वीतभर पाणी, तेही शक्यतो त्याच शेताला येणारं. दोन्हींत मूठभर अझोला सोडा. दुसऱ्या बादलीत चिमूटभर सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद देणारं खत, पुढे नुसतं ‘सुपर’) पूड करून टाका. बादल्या हलक्या सावलीत ठेवा आणि आठवड्याने पाहा.

दोन्हींत अझोला हिरवा आणि वाढलेला असेल तर निश्चिंत राहा. पहिल्या बादलीत लालसर आणि दुसऱ्यात हिरवा असेल तर तुमच्या मातीत स्फुरद कमी पडतोय. कोकणच्या जांभ्या मातीत हे वारंवार दिसतं, कारण त्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. दोन्ही बादल्यांत तपकिरी होऊन मेला तर माती किंवा पाण्यात काहीतरी आहे: क्षार, तणनाशकाचा अंश किंवा सांडपाणी. अशा खाचरात या हंगामात अझोला सोडू नका.

टप्पा १: बेणं ओळखून घ्या

पाण्यावर तरंगणारी प्रत्येक हिरवी वनस्पती अझोला नसते. अझोलाचं रोप साधारण १ ते २.५ सेंटिमीटरचं, त्रिकोणी आकाराचं असतं. त्याला खवल्यांसारखी बारीक, एकावर एक चढलेली पानं असतात आणि खाली लोंबणारी सुटी मुळं. टिकलीसारखी गोल, सुटी पानं दिसली तर ते लेम्ना. ते अझोलासारखा नत्र बांधत नाही. नखाएवढी किंवा त्याहून मोठी, वरून लव असलेली जोडपानं दिसली तर ती साल्विनिया. फुगीर देठांची जलपर्णी तर सगळ्यांच्या ओळखीची आहे.

सावधान: साल्विनिया किंवा जलपर्णीचं एकही रोप बेण्यात येऊ देऊ नका. खाचरातून ओढ्यात, ओढ्यातून तलावात गेली की ती काढणं गावाच्या हाताबाहेर जातं. बेणं आणल्यावर पांढऱ्या घमेल्यात थोडं थोडं पसरून निवडा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका.

चांगलं बेणं हिरवं, कोवळं, चुरगळल्यावर कुबट वास न येणारं असतं. लाल झालेलं, लांब वळलेल्या मुळांचं किंवा अळीच्या जाळ्यांनी गुंतलेलं बेणं फुकट मिळालं तरी घेऊ नका. गावात कोणी गाईंसाठी अझोलाचे खड्डे केले असतील तर बेणं तिथेच मिळेल.

टप्पा २: लावणीच्या तारखेपासून मागे मोजा

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एका खड्ड्यातल्या पाच किलो बेण्यावर अर्धा एकर झाकायची आशा धरली जाते.

पूर्ण थर म्हणजे गुंठ्याला साधारण १०० किलो ओला अझोला, दाट झाला तर १५०. चांगल्या हवामानात तो पाचेक दिवसांत दुप्पट होतो असं धरा. गुंठ्याला ५ किलो सोडलात तर पाच दिवसांनी १०, दहा दिवसांनी २०, पंधरा दिवसांनी ४० आणि वीस दिवसांनी ८० किलो. १० किलो सोडलात तर ८० किलोला पंधराच दिवस लागतात. जुलैच्या झडीत, ढगाळ हवेत हा वेग कमी होतो. म्हणून खरिपात गुंठ्याला ८ ते १० किलो सोडावेत असं माझं मत आहे. वायंगणात किंवा उन्हाळी धानात, जिथे पाणी तुमच्या हातात आहे, तिथे ५ किलो पुरतात.

आता दुसरी बाजू. गाडलेला नत्र भाताला लोंबी पोटात धरण्याआधी मिळायला हवा. उष्ण प्रदेशात लोंबीची सुरुवात ते फुलोरा साधारण ३५ दिवस आणि पुढे दाणा भरून पिकायला साधारण ३० दिवस लागतात. म्हणून वाणाच्या एकूण दिवसांतून ६५ वजा करा, आणि त्यातून रोपाचं वय वजा करा. ११५ दिवसांचा हळवा वाण, रोप २१ दिवसांचं: ११५ वजा ६५ वजा २१, म्हणजे लावणीनंतर २९ दिवस. १४० दिवसांचा गरवा वाण: ५४ दिवस. या दिवसाच्या आत गाडणी संपलेली हवी, चार-पाच दिवस आधी झाली तर उत्तम.

याचा अर्थ असा की हळव्या वाणात एकच थर गाडता येतो आणि त्यालाही जेमतेम वेळ मिळतो. निमगरव्यात घाई करून, आणि गरव्यात आरामात, दोन थर गाडता येतात. सगळ्या वाणांना एकच वेळापत्रक लावलं जातं, आणि हळव्यात अझोला गाडला जातो तेव्हा पीक निसवायला आलेलं असतं.

उदाहरण म्हणून १० गुंठे हळवा भात धरा, लावणी ५ जुलैला. खाचरात अझोला सोडायचा १३ जुलैच्या सुमारास, ८० ते १०० किलो. त्यासाठी बेण्याचे वाफे २८ जूनला भरायचे. त्या वाफ्यांसाठी १६ किलो बेणं लागेल. म्हणजे खड्डे मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवेत.

टप्पा ३: खड्डा, मग वाफा

खड्डा २ मीटर लांब, २ मीटर रुंद, वीतभर खोल. आत सिलपॉलिनचा (जाड प्लॅस्टिकचा) कागद. त्यावर चाळलेली माती १० ते १५ किलो सारखी पसरा. २ किलो ताजं शेण १० लिटर पाण्यात कालवून ओता, ३० ग्रॅम सुपर टाका, पाणी १० सेंटिमीटरपर्यंत भरा आणि अर्धा ते एक किलो अझोला पसरून सोडा. वरून हलकंसं पाणी शिंपडा म्हणजे उलटी पडलेली रोपं सरळ होतील. दर पाच दिवसांनी २० ग्रॅम सुपर आणि एक किलो शेण. दोनेक आठवड्यांत खड्डा भरतो, आणि भरलेल्या खड्ड्यातून एका वेळी पाचेक किलो बेणं निघतं. १६ किलोंसाठी तीन-चार खड्डे लागतील, किंवा दोन-तीन घरांनी मिळून ते करावेत.

मे महिन्याच्या उन्हात खड्डा आंब्याच्या सावलीत किंवा शेडनेटखाली हवा. पाणी ३५ अंशांच्या वर तापू लागलं की वाढ थांबते आणि रोपं मरायला लागतात.

आता वाफा. खाचराच्या एका कोपऱ्यात, चिखलणी करून सपाट केलेला, २० मीटर लांब आणि २ मीटर रुंद तुकडा चहूबाजूंनी छोट्या बांधाने वेगळा करा. १० किलो शेण २० लिटर पाण्यात कालवून शिंपडा. १०० ग्रॅम सुपर टाका. ८ किलो बेणं सारखं पसरा. चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा १००-१०० ग्रॅम सुपर. पाणी १० सेंटिमीटर. पंधराव्या दिवशी असा एक वाफा ४० ते ५५ किलो बेणं देतो. आपल्या उदाहरणातल्या १० गुंठ्यांसाठी असे दोन वाफे हवेत.

वाफ्यात सुपर देण्यात कसूर करू नका. तिथे स्फुरद खाऊन पोसलेलं बेणं मोठ्या खाचरात गेल्यावर पहिले काही दिवस त्या साठ्यावर जोमाने वाढतं. उपाशी बेणं तिथे जाऊन लाल पडतं.

*अळी लागली तर:* रोपं गुंतवून जाळी करणारी बारीक अळी दोन-तीन दिवसांत वाफा फस्त करते. जाळी दिसताच तेवढा भाग उचलून बाहेर टाका आणि बाकीच्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. काही शिफारशींत इथे दाणेदार कीटकनाशक सांगितलेलं असतं. तुमचाच अझोला गाईच्या गव्हाणीतही जात असेल तर ते वापरू नये असं मी ठामपणे सांगेन.

तपासा: वाफ्यातलं मूठभर बेणं तळहातावर घ्या. रंग हिरवा, मुळं आखूड, बोटाने हलवल्यावर रोपं सुटी होतात: तयार आहे. रोपं एकावर एक चढून खालची पिवळी पडलीत: दाटी झाली आहे, आजच विरळ करा.

टप्पा ४: खाचराची तयारी

हे काम लावणीआधीच व्हायला हवं. अझोला सोडल्यावर बांध दुरुस्त करत बसलात तर तोवर अर्धा अझोला गेलेला असतो.

चिखलणी सपाट करा. उंचवट्यावर अझोला चिखलाला टेकून सुकतो, खोलगटात साचून कुजतो, आणि तण नेमकं उंचवट्यावर उगवतं.

बांध फिरून पाहा. खेकड्यांची बिळं संध्याकाळी शोधून चिखलाने बंद करा. रात्रीतून पाणी उतरतं त्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

आता पाण्याची वाट. अझोला तरंगतो, म्हणून बांधावरून सांडणारं पाणी त्यालाच आधी घेऊन जातं. पाणी पृष्ठभागाखालून बाहेर काढा. बांधात हव्या त्या पातळीवर पीव्हीसी पाईप आडवा बसवा आणि आतल्या बाजूला त्याला एल्बो लावून तोंड खाली, पाण्यात बुडेल असं ठेवा. जास्तीचं पाणी खालून निघून जाईल, अझोला वर राहील. एल्बोच्या डोक्यावर एक बारीक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर पाईप पूर्ण भरला की तोंडाच्या पातळीपर्यंतचं सगळं पाणी ओढून घेईल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाला एक पाईप पुरणार नाही, तेव्हा दोन-तीन बसवा. नेहमीच्या सांडव्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड खुंट्यांना ताणून बांधा. पावसात त्यावर पालापाचोळा साचतो, तो रोज काढावा लागतो.

खाचरं उतरंडीने असतील तर वरच्या खाचराचं पाणी खालच्यात येणारच. अझोला वरच्या खाचरापासून सोडायला सुरुवात करा आणि सर्वांत खालच्या खाचराचं तोंड सर्वांत पक्कं करा.

लावणी ओळीत. चारसूत्री पद्धतीतली नियंत्रित लावणी, म्हणजे १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून-पालटून, या कामाला फार सोयीची आहे. २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कोनोवीडर, म्हणजे हाताने ढकलायचं तण काढण्याचं अवजार, चालतो. या पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) मधल्या चौकोनात, खोल खोचलेल्या असतात. पट्ट्यातून वीडर फिरवला तरी त्या उघड्या पडत नाहीत.

सावधान: सुपरचा सगळा हप्ता चिखलणीत टाकू नका. भाताला द्यायच्या स्फुरदातला काही भाग, गुंठ्याला एक किलोपर्यंत सुपर, अझोलासाठी बाजूला ठेवा. हा खर्च वाढीव नाही. अझोला गाडल्यावर तोच स्फुरद भाताकडे येतो.

टप्पा ५: सोडणं

लावणीनंतर ७ ते १० दिवसांनी. रोपांनी मूळ धरून मान वर काढलेली असली पाहिजे. त्याआधी सोडलात तर पाणी खाली-वर होताना अझोला रोपांच्या पानांवर बसतो आणि त्यांना पाण्याखाली दाबतो. फार उशीर केलात तर तण पाण्याबाहेर डोकं काढतं. पाण्याबाहेर आलेल्या तणावर अझोलाचा काही परिणाम होत नाही. म्हणून सोडण्याच्या आदल्या दिवशी खाचरातून एकदा फिरा आणि जे तण वर आलं आहे ते उपटून टाका.

बेणं वाफ्यातून चाळणीने काढा, पाणी निथळू द्या, मग वजन करा. न निथळलेल्या अझोलात बरंच वजन वरच्या पाण्याचंच भरतं आणि गुंठ्याचा हिशेब चुकतो. नेताना पोत्यात कोंबू नका, आत तापून कुजतो. भाजीच्या क्रेटमध्ये पातळ थर, वर ओलं गोणपाट, आणि त्याच दिवशी खाचरात.

पाणी ५ ते ७ सेंटिमीटर ठेवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पाऊस थांबलेला असताना, ओळींमधून चालत मुठीने विखरा. एका कोपऱ्यात ओतून तो आपोआप पसरेल या भरवशावर राहू नका. वाऱ्याने तो त्याच कोपऱ्यात दाटतो आणि बाकीचं पाणी तणासाठी उघडं राहतं. मोठ्या बांधीत वारा फार असेल तर ओळींना आडवे बांबू तरंगते ठेवा.

टप्पा ६: पहिले दोन आठवडे

सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मग पाच-सहा दिवसांच्या अंतराने, गुंठ्याला पाव किलो सुपर. दाणे तसेच फेकले तर थेट चिखलात जातात आणि जांभ्या मातीत अडकतात. पूड करून शेणकाल्यात मिसळा आणि अझोलावर शिंपडा.

या काळात युरिया वरून फेकू नका. नत्र पाण्यात सहज मिळाला की अझोला हवेतला नत्र बांधायचं कमी करतो, आणि दाणे पानांवर पडले तर पानं करपतात. खोल खोचलेल्या गोळ्यांना ही अडचण नाही. अझोलाने पाणी झाकलं की पाण्यातलं शेवाळ वाढत नाही, दुपारी पाण्याचा सामू (pH) चढत नाही, आणि अमोनिया होऊन उडून जाणारा नत्रही कमी होतो.

रंग रोज पाहा. हिरवा: ठीक. लालसर: आधी स्फुरद द्या. चार दिवसांत फरक पडला नाही तर ऊन किंवा थंडीचा ताण असू शकतो. काळे, चिकट ठिपके पसरत असतील तर बुरशी आणि दाटी: तेवढा भाग काढा, बाकीचा झाडूने हलवून मोकळा करा. झाडूने हलवल्यावर रोपं तुटतात आणि प्रत्येक तुकडा नवं रोप होतो, त्यामुळे वाढही वेग धरते.

भंडारा-गोंदियाच्या उन्हाळी धानात हे सगळं फेब्रुवारी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं पाहिजे. त्यानंतरच्या उन्हात अझोला टिकवायला जाल तर निराशा पदरी येईल.

तणाबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. पाण्याखाली रुजणारी बारीक बियांची तणं, लव्हाळ्याच्या जातीची कोवळी रोपं, पाण्यातली रुंद पानांची तणं यांना दाट थराखाली उजेड मिळत नाही आणि ती दबतात. पाखडासारखी भाताच्या बरोबरीने उंच होणारी गवतं थर फोडून वर येतात. ती हातानेच काढावी लागतील. बेणणी पूर्ण संपत नाही, बरीच हलकी होते.

तपासा: एक फूट बाय एक फूट काड्यांची चौकट करा. खाचरात पाच जागी ठेवून आतला अझोला काढा, निथळा, तोला. सरासरी १०० ग्रॅम भरली तर गुंठ्याला १०० किलोंच्या आसपास थर आहे. तो गाडायला तयार.

टप्पा ७: गाडणी

संपूर्ण कामातला हा कळीचा टप्पा, आणि नेमका हाच टाळला जातो. हिरवं पाणी इतकं छान दिसतं की मोडवत नाही. पण दाट थर तसाच ठेवला तर खालची रोपं गुदमरून कुजतात, अळी येते, आणि भाताची वाढीची वेळ निघून जाते.

वेळ: हळव्यात लावणीनंतर २५ दिवसांच्या सुमारास, गरव्यात पहिला थर २५ ते ३० दिवसांनी. उघडीप पाहून दिवस धरा.

१. पाणी आत येणारी वाट बंद करा. बाहेरची वाट मच्छरदाणीच्या कापडातून सावकाश उघडा. पाणी झटक्यात सोडलंत तर अझोला पाण्याबरोबर सांडव्याशी जाऊन साचतो. एक दिवस लागू द्या.

२. पाणी बोटाच्या पेराएवढं राहिलं की थांबा. अझोला चिखलावर बसलेला असेल. पूर्ण सुकवू नका, कोरड्या चिखलात वीडर अडकतो आणि अझोला वरच राहतो.

३. कोनोवीडर पुढे-मागे ढकलत प्रत्येक रुंद पट्ट्यातून फिरवा. अरुंद पट्ट्यात आणि कोपऱ्यांत पायाने तुडवा. जिथे वीडर नाही तिथे बेणणी करणाऱ्या बायका तण जसं पायाखाली चिखलात दाबतात, तसाच अझोला दाबता येतो. मजुरीचा हिशेब आधी करून ठेवा.

४. दुसरा थर घ्यायचा असेल तर खाचराच्या एका कडेला दहावा हिस्सा न गाडता ठेवा.

५. दोन-तीन दिवस पाणी पेराएवढंच राहू द्या, मग पुन्हा ५ सेंटिमीटरवर आणा. पाऊस थांबतच नसेल तर उथळ पाण्यातच तुडवा. काही भाग पुन्हा वर येईल. निम्म्याहून जास्त गाडला गेला तरी काम झालं समजा, आणि वर आलेल्यावर चार दिवसांनी पुन्हा वीडर फिरवा.

तपासा: दोन दिवसांनी ओळींमधल्या चिखलात बोटं घाला. तीन-चार सेंटिमीटर खाली काळपट अझोला लागला पाहिजे. आठ-दहा दिवसांनी तो ओळखू न येण्याइतका मऊ झालेला असेल. त्याच वेळी भाताचा एक चूड उपटून मुळं पाहा. पांढरी किंवा तांबूस असतील तर उत्तम. मुळं काळी आणि चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर हवा कमी पडते आहे, दोन दिवस पाणी काढून टाका.

टप्पा ८: युरिया किती कमी करायचा

पूर्ण थर गाडल्यावर गुंठ्याला साधारण २०० ते ३०० ग्रॅम नत्र मातीत जातो. युरियाच्या भाषेत ४५० ते ६५० ग्रॅम. कोकणातल्या सुधारित वाणांची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, म्हणजे गुंठ्याला एक किलो. तेव्हा एक थर पाचव्या ते जवळपास तिसऱ्या हिश्शाची भर घालतो. शिवाय हा नत्र टप्प्याटप्प्याने सुटतो, सगळा लगेच हाती येत नाही. अझोला टाकला म्हणून युरिया पूर्ण बंद करणारे फसतात, आणि अझोला गाडून वर पूर्ण युरिया देणाऱ्यांचा भात माजून लोळतो, करपाही धरतो.

पहिल्या वर्षी लावणीचा हप्ता तसाच ठेवा आणि गाडणीनंतरच्या हप्त्यातून कपात करा. किती, ते पानांच्या रंगतक्त्यावरून (हिरव्या छटांच्या नंबर घातलेल्या पट्ट्यांवरून) ठरवा. सकाळी ८ ते १० दरम्यान, स्वतःच्या सावलीत, दहा चुडांचं सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान तक्त्याशी लावा. दहापैकी सहा पानं चार नंबरपेक्षा फिकट असतील तर थोडा युरिया द्या, नसतील तर थांबा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. युरिया देताना थर गाडलेला आणि पाणी कमी असलं पाहिजे.

गरव्या वाणात राखलेल्या दहाव्या हिश्शावर पुन्हा पाव किलो सुपर देऊन दुसरा थर वाढवा आणि ४५ दिवसांच्या आत गाडा. त्यानंतर वाढलेला अझोला भातासाठी उपयोगाचा नाही, तो काढून गोठ्यात किंवा कंपोस्टमध्ये न्या.

टप्पा ९: उरलेल्याची व्यवस्था

कापणीआधी पाणी सोडताना सांडव्याचं कापड काढू नका. ओढ्यात, गावतळ्यात किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात गेलेला अझोला उथळ, संथ पाणी झाकून टाकतो आणि खालच्या माशांचा प्राणवायू कमी होतो. कापडाला अडकलेला अझोला उचलून खतखड्ड्यात टाका.

पुढच्या वर्षाचं बेणं राखायचं तर एक खड्डा वर्षभर जिवंत ठेवा. दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला, महिन्याने पाचेक किलो माती नवी घाला, सहा महिन्यांनी खड्डा रिकामा करून नव्याने भरा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा काढणी कमी करा. मार्चपासून सावली करा. हाच खड्डा मेअखेरीस पुढच्या खरिपाचं बेणं देईल.